पांढरा तळ

‘माहीत नाही’ हे दोन शब्द मामांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. तसे ते फक्त एकाच भाच्याचे मामा. पण एकानं म्हणायला सुरुवात केली की सगळेच म्हणतात, तसे ते आख्ख्या गल्लीचे मामा झाले होते. धंदा फरशी बसवण्याचा. तीस वर्षं गुडघे टेकून लोकांच्या घरांचे तळ सपाट केले. त्यांनी फरशी घातलेल्या खोलीत मधोमध गोटी ठेवा, जागची हलायची नाही. ही काही फुशारकी नव्हती, खरंच होतं. एवढ्यावर थांबले असते तर आपल्याला सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. पण मिक्सर का घरघरतो, दाढ का ठणकते, पंखा कुठला घ्यावा, विमान खराब हवेत का हलतं, सगळ्याचं उत्तर मामांच्या जिभेवर तयार. पुष्कळदा ते बरोबरही निघायचं, आणि खरा घात तिथंच होता.

त्यांची थोरली बहीण म्हणजे अक्का. त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी, मोठ्या रुग्णालयातून हेड नर्स म्हणून निवृत्त झालेली. वॉर्डात रोज सकाळी नव्या पोरींना ओळीत उभं करून ती हात तपासायची. आधी तळवे वर, मग उलटे, मग नखं. ही सवय ती घरी घेऊन आली. मामा चौपन्न वर्षांचे झाले तरी जेवायला बसताना अक्का म्हणायची, “हात दाखव,” आणि मामा मुकाट्यानं दाखवायचे. तेवढी एकच बाई होती जिच्यापुढे मामांचं शहाणपण चालत नसे. मामांना ते आतून आवडायचंही.

अक्काकडे माशांची टाकी होती, सतरा वर्षांची. मासे थोडे आणि झाडंच जास्त. पाण्याखाली लावलेली हिरवी झाडं, रुंद पानांची, गवतासारखी, एक लालसर पानांचं, आणि मध्ये एक वाकडंतिकडं लाकूड. नोकरीतून आल्यावर ती चप्पलही न काढता पाच मिनिटं टाकीसमोर उभी राहायची. मग एका सकाळी टाकीचा एक सांधा सुटला, बैठकीच्या खोलीत पाणीच पाणी झालं आणि अक्कानं भावाला फोन केला.

“नवीन टाकी आणलीय,” ती म्हणाली. “झाडं ओल्या कागदात गुंडाळून ठेवलीत, मासे बादलीत आहेत. खालची जुनी माती पार कुजली होती, फेकून दिली. आता खाली काय घालायचं रे? तुला काही कळतं का त्यातलं?”

आता इथं सरळ माणूस म्हणाला असता, नाही बुवा, विचारून सांगतो. मामा म्हणाले, “तळच ना? तू काळजीच सोड.”

तरी बरं, ते माशांच्या दुकानात गेले. दुकानदार हडकुळा, चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला, एक प्रश्न विचारला की उलट दोन विचारणारा. झाडं किती? मुळं खोल जाणारी की लाकडाला धरून राहणारी? मासे कुठले? त्यानं तीन पिशव्या काढून समोर ठेवल्या. एकीत भाजलेल्या मातीच्या काळ्या बारीक गोळ्या होत्या. “हिच्यात मुळांना खायला मिळतं आणि पाणी मऊ राहतं.” दुसरी कुंडीतल्या मातीची, तिच्यावर धुतलेल्या वाळूचा जाड थर द्यायचा. तिसरीत नदीची जाड वाळू, ती घातली तर मुळांशी खताच्या गोळ्या खोचायच्या. “तिन्ही चालतात, फक्त सांभाळायची तऱ्हा वेगळी,” तो म्हणाला. “आणि झाडांच्या टाकीत पाणी जरासं आंबट राहतं. लाकूड असतं, पानं कुजत असतात. म्हणून दुसरा कुठला खडा घालणार असाल तर आधी तपासून—”

“खडा?” मामा हसले. “अहो, तीस वर्षं दगडच तपासतोय मी. दगडाचं मला नका सांगू.”

दुकानदारानं चष्मा नाकावर चढवला, मामांकडे एकदा पाहिलं आणि पिशव्या पुन्हा आत ठेवल्या. गिऱ्हाईकाशी वाद घालणारा माणूस नव्हता तो.

मामांच्या गोदामात पांढऱ्या मार्बलच्या खड्यांचं एक पोतं पडून होतं, एका मोठ्या घराच्या कामातून उरलेलं. काळ्या चिखलापेक्षा हे किती झकास दिसेल, हा विचार दुकानाची पायरी उतरतानाच त्यांच्या डोक्यात शिरला होता. त्यांनी खडे सात वेळा धुतले, शेवटचं पाणी ग्लासात धरून उजेडात पाहिलं, आणि अक्काच्या नव्या टाकीत चार बोटं जाडीचा थर अगदी पातळीत बसवला. त्यावर झाडं खोचली, लाकूड ठेवलं, पाणी भरलं. खरं सांगायचं तर टाकी देखणी दिसत होती. पांढऱ्या तळावर हिरवी पानं, आणि त्यातून निळ्या-लाल पट्ट्यांचे नऊ बारकेसे मासे.

“ऑपरेशन थिएटरसारखं स्वच्छ दिसतंय,” अक्का म्हणाली. तिच्याकडून याहून मोठं कौतुक कुणाला मिळालेलं नव्हतं.

या सगळ्यात अक्काची सून मागे उभी राहून टॉवेल देत होती. लग्न होऊन आठ महिने झालेले. अक्काचा मुलगा फिरतीच्या नोकरीवर, पंधरा दिवसांतून एकदा दोन दिवस घरी. त्यामुळे घरात या दोघीच. सून एका पार्लरमध्ये केस कापायचं आणि रंगवायचं काम करायची. भांडण वगैरे काही नव्हतं दोघींत. पण अक्कानं तिच्या हातात अजून काही दिलंही नव्हतं. स्वयंपाकघर अक्काचं, कपाटाच्या किल्ल्या अक्काच्या, पाहुण्यांशी बोलणं अक्काचं. सून आपल्याच घरात पाहुणीसारखी चपला कोपऱ्यात काढायची.

टाकी नवी आली आणि अक्काचे गुडघे मात्र जुनेच होते. वाकवेना. तेव्हा ती म्हणाली, “सूनबाई, आता हे तू बघ. सकाळी चिमूटभर खाणं, आठवड्याला दोन बादल्या पाणी बदलायचं.”

सुनेनं त्या दिवशी एका चिठ्ठीवर वेळा लिहून ती कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली. मासे सगळे सारखेच, पण तिनं पार्लरच्या गिऱ्हाइकांवरून ओळखी ठेवल्या. हा लाल पट्टा जास्त असलेला म्हणजे रंग डोळ्यात जाईल म्हणून ओरडणाऱ्या बाई. हा सारखा काचेजवळ येणारा म्हणजे आरशातून नजर न काढणारे साहेब. अक्का हसली. मामांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. हेड नर्स हसली, आणि सून पुढच्या साहेबांची नक्कल करून दाखवायला लागली.

पाच आठवड्यांत टाकीची रया गेली.

आधी लाल पानांचं झाड फिकटलं. जागा बदलली की झाडं रुसतात, असं अक्का स्वतःच म्हणाली. मग पानांवर पांढुरका खरखरीत थर चढला, नवे कोंब पिवळे निघायला लागले, आणि एका सकाळी एक मासा तळाच्या पांढऱ्या खड्यांवर आडवा पडलेला दिसला. त्यानंतर दोन दिवसांनी आणखी एक. मामा रविवारी चहाला गेले तेव्हा चौथा नुकताच गेला होता, आणि अक्का टाकीसमोर खुर्ची टाकून बसली होती. तोंड उतरलेलं.

“सतरा वर्षांत असं कधी झालं नाही,” ती म्हणाली. “तुला काय वाटतं रे? त्या खड्यांचं तर काही नसेल?”

आपल्या कामावर बोट ठेवलंय एवढं मामांना कळलं, आणि उत्तर आपोआप तोंडातून बाहेर पडलं.

“खडे काय करणार? दगड तो दगड. अगं, कुणीतरी न धुतलेला हात घातला असेल पाण्यात. तेवढं पुरतं माशांना.”

दुसरं काहीही म्हणता आलं असतं. पाणी गढूळ आलं असेल, खाणं जुनं असेल, मोटर बिघडली असेल. हजार गोष्टी होत्या. पण अक्काला नेमकं काय लागतं हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, आणि जीभ बरोब्बर तिथंच गेली.

अक्कानं मान वळवली. “सूनबाई, जरा इकडे ये. हात दाखव.”

सून स्वयंपाकघरातून आली. आधी तिला गंमत वाटली असावी, कारण ती किंचित हसत होती. मग तिनं सासूचा चेहरा पाहिला आणि हात पुढे केले. तळवे वर, मग उलटे. नखांच्या कडेला तपकिरी रंग बसलेला होता.

“केसांचा रंग आहे, आई,” ती म्हणाली. “हातमोजे घालते मी, पण कडेला लागतोच. घासून धुतले तरी जात नाही. पण मी टाकीत हात घालायच्या आधी साबणानं—”

“रंगात काय काय औषधं असतात, मला माहीत आहे,” अक्का म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. वॉर्डातही कधी चढवत नसे. “आजपासून टाकीला हात लावू नकोस.”

सून ‘बरं’ म्हणाली आणि आत गेली. जाता जाता तिनं कपाटाच्या दाराआडची चिठ्ठी काढून घेतली. मामांनी चहात बिस्कीट बुडवून खाल्लं. त्या घटकेला त्यांना सुटल्यासारखं वाटलं, हे सांगायलाच हवं. लपवून मामांची बाजू राखण्यात अर्थ नाही.

पुढच्या मंगळवारी ते एका नव्या घरी माप घ्यायला गेले. घरातल्या बाईंना स्वयंपाकघरात पांढरा मार्बलच हवा होता. अशा वेळी मामा एक खेळ करून दाखवायचे. खिशातून मार्बलचा तुकडा काढायचा, त्यावर लिंबू पिळायचं आणि म्हणायचं, “कान लावा.” बारीक चुरचुर ऐकू यायची, लहान लहान बुडबुडे दिसायचे. “बघा बाई, आंबट लागलं की हा दगड स्वतःला खातो. स्वयंपाकघरात नको.” शेकडो लोकांना त्यांनी हे करून दाखवलं होतं. लोक तोंडात बोट घालायचे.

बाईंनी कान लावला, ऐकलं, आणि विचारलं, “आणि नुसत्या पाण्यानं?”

“नुसत्या पाण्यानं काही होत नाही. पाणी जरासं आंबट असेल तर मात्र हळूहळू...”

वाक्य तिथंच राहिलं. झाडांच्या टाकीत पाणी जरासं आंबट राहतं. हडकुळ्या दुकानदाराचा आवाज त्यांना इतका स्पष्ट ऐकू आला की त्यांनी मागे वळून पाहिलं. तुकडा हातात चुरचुरत होता. बाई म्हणाल्या, “मामा, बरं नाही का वाटत? पाणी देऊ?” मामांनी माप अर्धवट टाकलं आणि बाहेर पडले.

ते थेट माशांच्या दुकानात गेले. तिथं जाऊनही सरळ बोलतील तर शप्पथ.

“माझ्या एका मित्रानं,” मामा म्हणाले, “टाकीत मार्बल घातलाय.”

दुकानदारानं चष्मा चढवला. “झाडांची टाकी आहे का तुमच्या मित्राची?”

“हो.”

“मग दगड थोडा थोडा विरघळत असणार. त्याचा चुना उतरून पाणी जड होतं. पानांवर पांढरं धरतं, कोंब पिवळे येतात, तसले नाजूक मासे असतील तर जातात. मुळांनाही त्यात खायला काही नाही.” त्यानं चष्मा पुन्हा गळ्यात सोडला. “तुमच्या मित्राला सांगा, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुष्कळ जण घालतात. खडे काढले की सावरतं.”

मामा मान खाली घालून बाहेर आले. पुष्कळ जण घालत असतील. पण त्या पुष्कळांपैकी किती जण रोज लोकांना लिंबू पिळून दाखवतात? आणि घालून वर दुसऱ्याच्या हातांवर खापर किती जण फोडतात?

माणूस इथं उठतो, बहिणीकडे जातो, चूक सांगून मोकळा होतो. मामा तीन आठवडे गेले नाहीत. पहिल्या आठवड्यात काम फार होतं, म्हणजे त्यांनी फार काढलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ठरवलं की फोनवर सांगायचं. फोन लावलाही. अक्काच बोलत राहिली. “मी तिला काही टाकून बोलत नाही हं. पण मन नाही लागत माझं. ती घरात आली की आधी मोरीत जाते, हात धूत बसते. बोलत नाही फारशी.” मामा म्हणाले, “होईल सगळं ठीक,” आणि फोन ठेवला. मग बराच वेळ गोदामात एका पोत्यावर बसून राहिले. समोरच पांढऱ्या खड्यांचं ते पोतं, अर्धं रिकामं. त्यांनी उठून त्याच्यावर ताडपत्री टाकली. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं, म्हणून तर आणखी लाज वाटली.

आणि तिसऱ्या आठवड्यात सुनेचाच फोन आला. तिनं याआधी मामांना कधी फोन केला नव्हता.

“मामा, तुमच्या कामात हाताला काय काय लागतं, सिमेंट, रंग. तुम्ही लोक कशानं काढता? साबणानं माझा हा रंग जात नाही.”

आता. आत्ता सांगायचं. शब्द घशापर्यंत आले होते, आणि तिथं ती जुनी सवय आडवी बसलेली होती. कुणी विचारलं की उत्तर द्यायचं.

“दाणेदार पावडर येते एक,” मामा म्हणाले. “हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. आमचे मिस्त्री वापरतात. खसखसून घासायचं, काय वाटेल ते निघतं.”

“थँक्यू मामा,” ती म्हणाली. “तुम्ही आहात म्हणून विचारता येतं.”

फोन ठेवल्यावर मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसं म्हणतात, जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं. मामांना तीही सोय नव्हती. पायाखालची फरशी त्यांनी स्वतः घातलेली, ती कुठली दुभंगते.

रविवारी ते सकाळीच अक्काकडे गेले. काळ्या गोळ्यांच्या तीन पिशव्या, दोन बादल्या, रबरी नळी. पण मनात अजूनही कबुलीजबाब नव्हता, हे ऐकून तुम्हाला मामांचा राग येईल, यायलाच हवा. त्यांनी वाटेत एक गोष्ट रचली होती. नवा माल आलाय, फार छान आहे, तुझ्यासाठी आणला, जुने खडे काढून टाकू. टाकी सुधारेल, मासे जगतील, हळूहळू सगळे विसरतील. कुणाला काही कळायचं कारण नाही.

अक्का खुश झाली. “बघ, माझा भाऊ कसा धावून आला,” ती सुनेला म्हणाली. मामांनी नळी लावून पाणी उपसायला घेतलं. उरलेले पाच मासे एका बादलीत गेले, झाडं दुसऱ्या बादलीत. पांढरा थर उघडा पडला. त्याच्यावर शेवाळाचे डाग, मध्ये कुजकी पानं.

“सूनबाई, मामांना जरा मदत कर. मला वाकवत नाही,” अक्का म्हणाली.

सून आली ती कोपरापर्यंत पिवळे रबरी हातमोजे घालून. ओट्यावरचे, भांडी घासायचे नव्हेत, नवे कोरे.

“हे कशाला?” मामांनी विचारलं.

“टाकीच्या कामाला असू देत म्हणून आणले. आईंनी नाही सांगितलं, माझी मीच आणले.” तिनं एक खडा चिमटीत धरायला पाहिलं, तो घसरला. जाड रबरात बोटांना पकड येईना. दुसरा घसरला. तिनं अक्काकडे पाहिलं, मग मामांकडे, आणि हातमोजे उतरवले.

मामांनी तिचे हात पाहिले. रंग गेला होता. नखांच्या कडा पांढऱ्याफटक होत्या, बोटांच्या पेरांवर कातडी फाटून लाल भेगा पडल्या होत्या, अंगठ्याच्या बाजूला एक भेग ओली होती.

“तुम्ही सांगितलेल्या पावडरनंच धुते मी, मामा,” ती म्हणाली. “दिवसातून चार वेळा. आत्ता येतानाही दोनदा धुतलेत. दाखवू?”

आणि तिनं हात पुढे केले. तळवे वर, मग उलटे.

मामांना तिच्याकडे बघवेना. वॉर्डातली नवी पोर हेड नर्सपुढे उभी राहते तशी ती उभी होती, आणि तपासणारे होते मामा.

“हात खाली घे, सूनबाई,” ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. “अक्का, लिंबू आहे का घरात?”

“लिंबू? आत्ता सरबत कुठलं काढलंस?”

“असेल तर दे. आणि एक बशी.”

सुनेनंच आणून दिलं. मामांनी टाकीतला एक खडा उचलला, टॉवेलनं कोरडा पुसला, बशीत ठेवला आणि त्यावर लिंबू पिळलं. आता पुढचे दोन शब्द त्यांनी शेकडो वेळा म्हटलेले, पण ते सहज निघेनात.

“अक्का, कान लाव.”

अक्कानं बशी उचलून कानाशी नेली. चुरचुर सुनेलाही ऐकू आली असावी, कारण ती थोडी पुढे सरकली.

“हा मार्बल आहे,” मामा म्हणाले. “आंबट पाण्यात विरघळतो. टाकीचं पाणी आंबट असतं. झाडं यानं गेली आणि मासेही यानं गेले. दुकानदारानं दगड तपासून घाला म्हणून सांगितलं होतं. मी त्याला बोलू दिलं नाही. हिच्या हातांचा काडीचाही संबंध नाही. कधीच नव्हता.” त्यांनी श्वास घेतला. याच्यापुढचं वाक्य गाळता आलं असतं, आणि गाळलं असतं तर पुढंमागं सगळ्यांनी त्यांना माफही केलं असतं. “आणि मला हे तीन आठवडे माहीत आहे.”

सुनेच्या ओठांची हालचाल झाली. ती मनातल्या मनात मोजत होती. “म्हणजे मी फोन केला तेव्हा...”

“माहीत होतं.”

तिनं हात ओढणीखाली घेतले. ती ओरडली असती, दोन शब्द सुनावले असते, तर मामांना ते अंगावर घ्यायला जागा झाली असती. तिनं नुसते हात झाकून घेतले.

अक्कानं बशी टेबलावर ठेवली. “तू गाढव आहेस,” ती भावाला म्हणाली. मग तिनं खड्याकडे पाहिलं. बुडबुडे थांबत आले होते. “पण हिला तपासायला बोलावलं मी. अडतीस वर्षं वॉर्ड चालवला. एकाही पोरीवर कागद बघितल्याशिवाय ठपका ठेवला नाही. घरच्या पोरीवर ठेवला. हिचे हात रोज माझ्यासमोर फाटत होते, आणि मला वाटलं, चला, निदान स्वच्छता तरी शिकली.” तिचा आवाज चिरकला. मामांनी बहिणीला असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही आपल्यामुळे.

मामांनी खाली बसून खडे उपसायला सुरुवात केली. मूठ मूठ करून बादलीत. रिकामी टाकी फडक्यानं पुसून घेतली, काळ्या गोळ्या ओतल्या, हातानं सारख्या केल्या. पुढे थर बारीक, मागे जाड. दुकानदारानं सांगितलं होतं तसं, आणि या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. वर थोडं पाणी सोडलं. आता झाडं लावायची. ती बोटांनीच लावावी लागतात. मूळ दोन बोटांत धरून मातीत दाबायचं, वरचा कोंब उघडा ठेवायचा.

“सूनबाई,” अक्का म्हणाली, “झाडं तू लाव.”

सून पुढे आली. तिनं बादलीतल्या झाडांकडे पाहिलं, लाल पानांचं जे थोडं उरलं होतं त्याच्याकडे पाहिलं, आणि वळून आत मोरीकडे निघाली.

“अगं, राहू दे ते हात धुणं,” अक्का घाईघाईनं म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच म्हणाली असेल. “तशीच ये.”

सून दारात थांबली. “हो, आई,” ती म्हणाली आणि आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला.

बहीण-भाऊ टाकीच्या दोन बाजूंना बसून राहिले. पाणी वाहत होतं. एवढ्या वेळात कुणाचेही हात दोनदा धुऊन झाले असते. भेगांवर साबण किती झोंबत असेल, हे मामांना कळत होतं. त्यांच्या हातांना सिमेंटनं पडलेल्या भेगा त्यांनी कमी सोसल्या नव्हत्या. कुठलं मलम लावावं तेही त्यांना माहीत होतं. जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

“येईल ना रे ती?” अक्कानं हळूच विचारलं. “घालेल ना आता हात टाकीत?”

मामांनी बादलीतल्या पांढऱ्या खड्यांकडे पाहिलं.

“माहीत नाही, अक्का,” ते म्हणाले.

आत नळ अजून चालूच होता.